क्रोध, स्मृती आणि लखनौचा करार

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगत असताना भगवंतांनी मनुष्याच्या अधःपाताची एक परंपरा वर्णन केली आहे. विषयांचे चिंतन, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश, असा हा क्रम (श्लोक 62 व 63) नित्यपाठ करणाऱ्यांस मुखोद्गत असतो. आणि मुखोद्गत असतो म्हणूनच त्यातील एका पायरीपाशी आपण सहसा थांबत नाही. क्रोधाने बुद्धी जाते, हे कोणासही पटते. परंतु क्रोध आणि बुद्धिनाश यांच्या मध्ये स्मृती कशासाठी आली? रागावलेला मनुष्य विसराळू होतो, असे आपण व्यवहारात म्हणत नाही. उलट वीस वर्षांपूर्वीचा अपमान त्याला तिथीवारासह आठवतो!

श्रीशंकराचार्यांनी या ठिकाणी केलेला अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने चित्तावर जे संस्कार झालेले असतात, त्यांतून उत्पन्न होणारी ती स्मृती. आणि ती उत्पन्न व्हावी असे निमित्त समोर उभे असतानाही ती उत्पन्न न होणे, हा तिचा भ्रंश. म्हणजे शिकलेले पुसले जात नाही. ते कोठारात जसेच्या तसे असते. पण ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी कोठाराचे दार उघडत नाही. क्रोध सर्वच विसरावयास लावीत नाही. आपल्या बाजूचे तेवढे तो हाती देतो आणि दुसऱ्या बाजूचे आत कोंडून ठेवतो. अशा अर्ध्या स्मृतीवर बुद्धीने निर्णय दिला, तर तो निर्णय तर्कशुद्ध दिसूनही खोटा ठरतो.

राजकारणाच्या चर्चेत हे नित्य घडते. त्यातही मौज अशी की, आपल्या मनात क्रोध आहे याची कोणास वार्ता नसते. प्रत्येकाला वाटते की, आपण प्रमाणे देत आहोत. या बाबतीत अर्जुनाचे उदाहरण आपण पुरेसे लक्षात घेत नाही. पहिल्या अध्यायात तो रडगाणे गात नाही. तो शास्त्रार्थ करतो. कुलक्षय, कुलधर्माचा लोप, वर्णसंकर, पितरांचे पिंडोदक, अशी एकामागून एक कारणे तो मांडतो, आणि ती सर्व शास्त्रातलीच आहेत. परंतु हातापायांना कंप सुटला, गांडीव गळू लागले, हे त्या युक्तिवादाच्या आधीचे आहे. निर्णय अगोदर झाला. कारणे मागाहून गोळा झाली. भगवंतांनी उपदेशाच्या आरंभी त्याला टोला मारला तो हाच, की बोलणे तर शहाण्याचे करतोस आणि शोक मात्र नको त्याचा करतोस. भावना वकिलाचा झगा घालून येते तेव्हा तिला ओळखणे कठीण असते. आणि अर्जुनाची भावना तर क्रोधाची नव्हती, करुणेची होती. तेव्हा केवळ द्वेषच बुद्धीला झाकतो असेही नाही. प्रेम आणि भक्ती यांनाही ते साधते.

हा विचार मी लखनौस बसून लिहीत आहे, आणि या नगरात या विषयाचा एक फार मोठा दाखला घडून गेलेला आहे. शिवाय तो घडविणारा पुरुष गीतेचा भाष्यकार होता.

1907 च्या डिसेंबरात सुरतेस राष्ट्रीय सभा मोडली. जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, आणि मवाळ व जहाल एकमेकांपासून दूर झाले. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे ‘गीतारहस्य’ लिहिले. 1912 साली पुण्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा ते तुरुंगातच होते. 1914 च्या जूनमध्ये सुटका, 1915 मध्ये ग्रंथाचे प्रकाशन, 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सुरतेनंतर नऊ वर्षांनी, राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर पुनरागमन, ते लखनौस. अध्यक्ष अंबिकाचरण मुजुमदार होते. मुस्लिम लीगचे अधिवेशनही त्याच सुमारास येथेच भरले होते, आणि त्याचे अध्यक्ष बॅरिस्टर जिना होते; म्हणजे त्याच साली राजद्रोही भाषणांच्या जामीनप्रकरणात ज्यांनी टिळकांची बाजू मांडली होती, तेच.

टिळकांच्या आगमनाचे वर्णन रामप्रसाद बिस्मिल यांनी आपल्या आत्मकथेत केले आहे. बिस्मिल तेव्हा शहाजहानपूरहून आलेले एक तरुण. स्वागतमंडळातील मवाळ पुढाऱ्यांचा बेत होता की, टिळकांना स्थानकावरून मोटारीत बसवून मिरवणुकीवाचून न्यावे. (चारबागची आजची भव्य इमारत तेव्हा पुरी व्हावयाची होती.) तरुणांना ते सहन झाले नाही. ते मोटारीपुढे आडवे पडले, मोटारीचा टायर कापला गेला, आणि अखेर एक भाड्याची घोडागाडी आणून, घोडे सोडून, टिळकांना तीत बसवून त्यांनी ती गाडी आपल्या हातांनी ओढीत नेली. पुढे 1927 साली काकोरी कटाच्या खटल्यात फासावर गेलेल्या पुरुषाच्या तारुण्यातील हा प्रसंग आहे. त्या भक्तीला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्या गाडीला माणसे जुंपून घेत होती, त्या गाडीत बसलेल्या माणसाला दोन-चार दिवसांतच यांच्यापैकी पुष्कळांना न रुचणारी गोष्ट करावयाची होती, हे विसरून चालणार नाही.

ती गोष्ट म्हणजे काँग्रेस आणि लीग यांचा करार. 1909 च्या सुधारणांनी मुसलमानांना दिलेले विभक्त मतदारसंघ काँग्रेसने या करारात मान्य केले. मध्यवर्ती कायदेमंडळातील निवडून आलेल्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश मुसलमान असावेत, असे ठरले. एखाद्या समाजाशी संबंध असलेल्या विधेयकाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल, तर ते पुढे जाऊ नये, असेही ठरले. प्रांतोप्रांतीचे प्रमाण आकड्यांनी बांधण्यात आले. संयुक्त प्रांतात त्या वेळी मुसलमानांची वस्ती शेकडा सुमारे 14 होती. त्यांना शेकडा 30 जागा मिळाल्या. मंडळी खवळली. पंडित मदनमोहन मालवीयांसारख्यांचा विरोध होता, आणि या प्रांतात नगरपालिकांच्या नव्या कायद्यावरून वातावरण अगोदरच तापलेले होते.

विरोधकांना टिळक आपले वाटावेत, अशीच त्यांची पूर्वपीठिका होती. 1893 च्या मुंबईच्या दंग्यानंतर सरकारच्या पक्षपातावर ‘केसरी’तून झोड उठविणारे तेच, गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्यांतही तेच अग्रभागी. तरीही ते कराराच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांच्या शब्दाच्या वजनानेच हा करार हिंदू प्रतिनिधींच्या गळी उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावयास मला संकोच वाटतो.

आमच्या घरी रविवारी सकाळी गीतेचा पाठ होतो. सात-आठ मंडळी येतात; बहुतेक येथलीच, हिंदी बोलणारी. त्यांत इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सर्व जण मास्टरसाहेब म्हणतात. निवडणुकीचे दिवस होते. पाठ संपल्यावर बोलणे निवडणुकीवरून निघाले, ते कसे कोण जाणे, 1916 पर्यंत मागे गेले. (या नगरात ते जातेच.) मी म्हणालो, लखनौस हिंदूंनी प्रत्येक प्रांतात दिले आणि दिलेच, घेतले काही नाही. मास्टरसाहेब शांतपणे म्हणाले, “शास्त्रीजी, पंजाब आणि बंगालचे आकडे एकदा पाहून घ्या.” मी आकडे पाहिले नाहीत. आपण आयुष्यभर मुलांना परीक्षेपुरता इतिहास शिकविलात, असे काहीतरी मी बोलून गेलो. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, पोथीला नमस्कार केला आणि ते गेले. क्रोधाने संमूढ झालेला मनुष्य गुरूलाही टाकून बोलतो, असे आचार्यांनी त्याच श्लोकाच्या भाष्यात म्हटले आहे. मी तर वयाने वडील असलेल्या पाहुण्याला, माझ्याच घरी, गीता मिटता मिटता बोललो. पुढचे चार रविवार ते आले नाहीत.

पाचव्या आठवड्यात दुसरेच काही कागद शोधताना एक जुने बाड हाती आले. अकरा वर्षांपूर्वी 1909 ते 1919 या काळातील घटनात्मक सुधारणांवरील एका इंग्रजी निबंधाचे मी मराठी भाषांतर केले होते. त्याचे ते हस्तलिखित. त्यात लखनौ कराराचे कोष्टक होते, माझ्या अक्षरात. पंजाबात मुसलमानांची वस्ती शेकडा सुमारे 55, जागा 50. बंगालात वस्ती सुमारे 52, जागा 40. म्हणजे ज्या दोन मोठ्या प्रांतांत ते बहुसंख्य होते, तेथे त्यांनी बहुमत सोडले होते. शिवाय 1909 च्या व्यवस्थेत त्यांना विभक्त मतदारसंघाबरोबर सर्वसाधारण मतदारसंघातही मत होते. ते दुसरे मतही त्यांनी करारात सोडले. आणि बंगालच्या आकड्यापुढे समासात मीच लिहून ठेवले होते: “40 च! लक्षात ठेवणे.”

लक्षात ठेवणे! त्या उद्गारचिन्हाकडे मी किती वेळ पाहत बसलो, हे सांगता येत नाही. श्लोक मला पाठ, भाष्य मला पाठ, कोष्टक माझ्या हातचे, आणि त्या रविवारी निमित्त समोर उभे असता यांतले काहीही उठले नाही. स्मृतिभ्रंश म्हणजे काय, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. समजले ते त्या दिवशी. आणखी एक गोष्ट दिसली. त्या भाषांतरात मी सर्वत्र ‘दिले’, ‘मान्य केले’ असे साधे शब्द योजले होते. अलीकडे तीच हकीकत सांगताना माझ्या तोंडी ‘ओतले’, ‘पायांशी ठेवले’ असे शब्द येऊ लागले होते. युक्तिवाद बिघडण्यापूर्वी क्रियापद बिघडते. भाषांतराचा धंदा करणाऱ्याने तरी हे आधी ओळखावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल, आकडे समोर ठेवले की काम झाले काय? नाही. आकडे दोन्ही बाजूंचे आठवले, तरी त्यांचे करावयाचे काय, हे ठरविणारी बुद्धी निराळी. ‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणात टिळकांनी मन आणि बुद्धी यांची कामे वेगळी दाखविली आहेत: बऱ्यावाईट पक्षांची मांडणी मनाने करावयाची आणि निवाडा बुद्धीने द्यावयाचा. ही निवाडा देणारी, व्यवसायात्मक बुद्धी एकाग्र आणि स्थिर नसेल, तर वासनांना नाना फाटे फुटतात. लखनौस टिळकांनी हे कसे आचरले, ते पाहण्यासारखे आहे. स्वराज्याच्या ठरावावर बोलताना त्यांनी आक्षेप स्वतःच सांगितला, की हिंदूंनी फार दिले असे काहींचे म्हणणे आहे. मग त्यांनी सांगितले की, इतके देणे अधिक नव्हे. स्वराज्याचे हक्क एकट्या मुसलमानांना मिळाले, रजपुतांना मिळाले, किंवा मागासलेल्या समाजांना मिळाले, तरीही माझी हरकत नाही. कारण मग जो झगडा राहील तो आपसातला राहील. आजचा तिरंगी सामना तरी संपेल.

हे वाक्य उदारपणाचे म्हणून अनेकदा सांगितले जाते. मला ते हिशेबाचे वाटते, आणि त्यातच त्याची थोरवी आहे. कोणाला किती मिळाले, हा प्रश्न टिळकांनी दुसरा केला. हक्क कोणाच्या हातून सुटावयाचे आहेत, हा पहिला. पहिला प्रश्न एकदा निश्चित झाला की दुसऱ्याचे उत्तर किती उष्णतेने द्यावयाचे, हे आपोआप ठरते. समबुद्धी याचा अर्थ भावना नसणे असा नव्हे. सुरत, सहा वर्षांचा तुरुंग, पत्नीचा वियोग, हे सर्व साठ वर्षांच्या त्या मनुष्याच्या अंतःकरणात नव्हते, असे कोण म्हणेल? गोखल्यांशी जन्मभर झगडून 1915 च्या फेब्रुवारीत सिंहगडावरून खाली येऊन त्यांच्या चितेपाशी गौरवाचे शब्द बोलणारा तो मनुष्य होता. भावना होत्या, त्यांना आसन दिलेले होते, न्यायाधीशाची खुर्ची मात्र दिलेली नव्हती.

येथे एक खरी शंका उद्भवते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निर्णय शांत बुद्धीने झाला असेल, पण तो बरोबर होता काय? विभक्त मतदारसंघाला काँग्रेसने एकदा मान्यता दिली. 1919 च्या कायद्यात ते कायम राहिले, 1932 च्या जातीय निवाड्यात विस्तारले, आणि 1947 मध्ये देशाचे काय झाले, ते आपण जाणतो.

माझे मत असे आहे की, टिळकांच्या हिशेबात एक राशी धरावयाची राहिली. ज्या उमेदवाराला केवळ आपल्याच समाजाची मते मिळवावयाची असतात, त्याला दुसऱ्या समाजाशी गोड बोलण्याचे कारण उरत नाही, आणि कडू बोलण्यात लाभ असतो. मतदारसंघ ही नुसती मापाची पायली नसते. ती धान्यही बदलते. स्वतःच्या क्रोधाला बाजूस ठेवणाऱ्या त्या पुरुषाने, ही व्यवस्था पुढे इतरांच्या क्रोधाला किती खतपाणी घालील, हे पुरते धरले नाही. आपल्या भावनेला न्यायासनावरून उठवावे हे खरे. पण लोकांच्या भावना साक्षीदार म्हणून तरी बोलवाव्याच लागतात. तथापि न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, 1916 मध्ये 1947 कोणास दिसत नव्हते. मागाहून आलेल्या परिणामांनी पूर्वीच्या मनुष्याला मूर्ख किंवा द्रोही ठरविणे, हाही स्मृतीचाच एक घोटाळा आहे. त्याला काय माहीत होते आणि काय नव्हते, हेच आपण विसरलेले असतो.

आणि शांत बुद्धीचा एक मोठा गुण हा की, तिला आपला निर्णय फिरविता येतो. बारा वर्षांनी, 1928 च्या ऑगस्टअखेर, याच लखनौत कैसरबागेत सर्वपक्षीय परिषद भरली आणि तिने नेहरू समितीचा अहवाल स्वीकारला. त्यात विभक्त मतदारसंघ सोडून संयुक्त मतदारसंघ सुचविलेले होते. तेही पुढे साधले नाही, आणि ते का साधले नाही, ही कथा लांब आहे. संगीताच्या विद्यालयामुळे पंडित भातखंड्यांचे नाव ज्या कैसरबागेशी जोडले गेले आहे, तेथून मी पुष्कळदा जातो. एका नगराने बारा वर्षांत एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली. दोन्ही वेळा देणारे लोक विचारी होते.

विभूतियोगात भगवंतांनी, चर्चा करणाऱ्यांमधील वाद ती आपली विभूती, असे सांगितले आहे. न्यायशास्त्रात चर्चेचे प्रकार तीन: वाद, जल्प आणि वितंडा. जल्प जिंकण्यासाठी, वितंडा मोडण्यासाठी, आणि वाद अर्थनिर्णयासाठी. वादाचा एक कडक नियम आम्हांला लहानपणी घोटवून घेतला होता. पूर्वपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचा अनुवाद करावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या मुखाने पुन्हा सांगावयाचे. आणि ते असे, की प्रतिपक्षाने मान डोलवावी. मान हलली नाही तर पुढे बोलण्याचा अधिकार नाही. अनुवाद या शब्दाचा हा मूळचा अर्थ. आज आपण त्याने भाषांतर समजतो, आणि मी तर त्यावर पोट भरतो! दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच बळाने सांगणे, हा माझा धंदा. पण त्या रविवारी मास्टरसाहेबांच्या एका वाक्याचा अनुवाद मला करता आला नाही.

ते बाड घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अमीनाबादेमागच्या एका गल्लीत ते राहतात. दार त्यांनीच उघडले. मी उभ्यानेच सांगितले की, पंजाब आणि बंगालविषयी आपण म्हणालात ते खरे होते, आणि मी बोललो ते चुकीचे होते व वाईटही होते. त्यांनी कोष्टक हातात घेतले, चष्मा लावला आणि बोट फिरवीत खालपर्यंत वाचले. मध्य प्रांताच्या ओळीवर ते थांबले. तेथे वस्ती शेकडा सुमारे 4, जागा 15.

“हे मी विसरलो होतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी आपण हा आकडा काढला असता, तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.”

मग चहा झाला. कराराविषयी आमची मते आजही एक नाहीत. मत कोणास द्यावे याविषयी तर मुळीच नाहीत. पुढच्या रविवारी ते आले. पाठ तिसऱ्या अध्यायाचा होता. इच्छा नसतानाही मनुष्य कोणाच्या प्रेरणेने पाप करतो, या अर्जुनाच्या प्रश्नापाशी आम्ही पोहोचलो होतो. मी उत्तराचा श्लोक उलगडू लागणार, तोच त्यांनी हात वर केला.

“शास्त्रीजी, उत्तरापूर्वी अर्जुनाचा प्रश्न आपल्या शब्दांत एकदा सांगा. घाई करू नका.”